कॉलरवरची अक्षरं

आमच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी. दोघांनी जन्मतःच आपसांत ठरवून घेतल्यासारखं एक झोपलं की दुसरं रडायला लागायचं. आठवड्याभरात मुलीचा फोन आला, "आई, तू ये, नाहीतर मी या दोघांना घेऊन तिकडे येते." आमच्या इनमीन दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान. तेव्हा बायकोच तिकडे गेली. तीन महिन्यांसाठी.

मागे राहिलो मी आणि चिंधी.

चिंधी म्हणजे बायकोची मांजर. चार वर्षांपूर्वी कापण्याच्या टेबलाखालच्या कातरणाच्या पोत्यात हे पिल्लू सापडलं. आत कसं शिरलं कोण जाणे. मी म्हटलं, "बाहेर सोडून ये, गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर केस पडतील." बायको म्हणाली, "गिऱ्हाइकांचे स्वतःचे पडतात ते चालतात?" विषय संपला. चिंध्यांत सापडली म्हणून चिंधी.

निघताना बायकोने मला दारात उभं केलं आणि बजावलं, "मी जशी ठेवून चालले तशीच ती मला परत हवी. एक मिशी कमी दिसली तर बघा. आणि रोज संध्याकाळी केर काढा. मशीनखालचासुद्धा." मग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं एक कार्ड दाखवलं. लस टोचायला नेलं होतं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं. "मांजराला काही झालं तर यावर सगळं लिहिलंय. घड्याळवाल्या भाऊजींकडून वाचून घ्या."

वाचून घ्या असं ती म्हणाली, कारण मला वाचता येत नव्हतं. सगळं गाव मला मास्तर म्हणे आणि मास्तरला अक्षरओळख नव्हती. आकडे येत, टेपवरचे. गिऱ्हाइकाच्या मापाच्या वर मी नाव न लिहिता त्याचं चित्र काढी. टक्कल, चष्मा, लांब मान. एकदा एका बाईने वही पाहिली आणि पुन्हा आमच्याकडे ब्लाऊज टाकला नाही.

बायको जाऊन पंधरा दिवस झाले आणि शाळेचं काम आलं. निळे साठ शर्ट. काम हातात घेतलं तर कॉलरचा जुना साचा कडांनी झिजून फुलाच्या पाकळीसारखा झालेला. त्याच्यावर बेतलेली कॉलर एका बाजूला कान टवकारून बसे. नवा जाड कागद हवा होता. शोधता शोधता नजर खिळ्यावर गेली. कार्ड चांगलं कडक होतं, एका बाजूला गुळगुळीत, मागची बाजू कोरी. मी ते उलटं केलं, पेन्सिलीने कॉलर आखली आणि कापली. इतका सुबक साचा मला आयुष्यात मिळाला नव्हता. उरलेले तुकडे टेबलाखाली पडले. वाचता येत असतं तर हात थांबला असता का, हे मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं. बहुधा थांबला असता. लिहिलेल्या बाजूवर कात्री चालवताना वाचणाऱ्या माणसाचा हात जरा अडखळतो, हे आता मला ठाऊक आहे.

बायकोचा फोन रोज दुपारी यायचा. प्रश्नांचा क्रम ठरलेला. "चिंधी?" "मजेत." "केर?" "काढला." "तुम्ही जेवलात?" मी तिसऱ्या नंबरावर होतो. दुसऱ्या प्रश्नाला मी खोटं बोलत होतो. साठ शर्ट म्हणजे किती गुंड्या, किती काजं, याचा हिशेब शिंप्यालाच कळेल. तोडलेले दोरे जमिनीवर साचून निळी सतरंजी झाली होती. मला वाटे, बायकोला टापटिपीचं वेड आहे, तीन महिने नसली तर काय बिघडतं. आणि आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो, एकटेपणाचा कंटाळा आला की मी स्वतःच चिंधीपुढे दोरा नाचवायचो. ती दोन पायांवर उभी राहून झेपावायची. मला मोठी गंमत वाटायची.

एका सोमवारी सकाळी तिची वाटी तशीच भरलेली दिसली.

मला आधी काळजी वाटली नाही, नवल वाटलं. कारण ती वाटीपाशी आली होती. वास घेतला, ओठ चाटले, मान खाली घातली आणि मग जणू कुणी मागून हाक मारावी तशी वळून निघून गेली. भूक नसलेलं मांजर वाटीकडे येत नाही. भूक असलेलं परत जात नाही. मग हे काय? मी वाटी बदलली. जागा बदलली. मासेवालीला विचारून आलो, की आमची बया तुझ्याकडे पाहुणचार झोडून येते का. ती म्हणाली, "चार दिवसांत शेपूट दिसलं नाही तिचं." दुपारी फोनवर मी म्हटलं, "मजेत."

मंगळवारी तिने दोनदा पिवळा फेस ओकला आणि कातरणाच्या पोत्यात जाऊन बसली. नेहमी ती पसरून झोपायची. आता पाठीची कमान करून, पाय पोटाखाली घेऊन, कुणीतरी चुरगळून ठेवलेल्या कपड्यासारखी बसली होती. पोटाला हात लावला तर गुरगुरली. त्या दिवशीही मी "मजेत" म्हटलं.

बुधवारी सकाळी समोरचा घड्याळवाला आला. त्याची नि माझी दुकानं तीस वर्षं समोरासमोर. त्याच्याबरोबर त्याचा कुत्रा, लंबक. चालताना एकीकडे शेपूट हलायचं आणि दुसरीकडे पोट, म्हणून लंबक.

"काय मास्तर, तोंड का असं? शर्टाला दोन उजव्या बाह्या लावल्यास?"

मी पोत्याकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं.

"पोट दुखत असेल," तो म्हणाला. "माझ्याकडे डोकेदुखीची गोळी आहे. मी स्वतः घेतो. अर्धी देऊ. एवढासा जीव, अर्ध्यात काम होईल."

गोळी त्याने खिशातून काढलीसुद्धा. तेवढ्यात मला आठवलं. "थांब. तुझ्या वहिनीने कार्ड ठेवलंय. त्यावर सगळं लिहिलंय म्हणाली."

"मग आण की!"

मी टेबलावरचा साचा आणून त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटासुलटा पाहिला. "ही कॉलर आहे."

"कार्डच आहे ते. मागून बघ."

त्याने मागून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग तो इतका हसला की लंबक भुंकायला लागला. "मास्तर, तू डॉक्टरला कॉलर घातलीस! साठ पोरांच्या गळ्यात मांजराचं औषध बांधलंस!"

"हस नंतर. वाच आधी."

त्याने घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावलं आणि वाचू लागला. ओळी कुठूनही सुरू होत होत्या आणि कापल्या होत्या तिथे संपत होत्या. "'...दर तीन महिन्यांनी जंताचं औषध...' बरं. '...चॉकलेट, कांदा, द्राक्षं कुत्र्याला विषासमान...' ऐक रे लंबक. '...माणसांची औषधं मनाने देऊ नयेत. ताप-डोकेदुखीच्या गोळीचा अर्धा तुकडाही मांजराचा जीव...' इथं कॉलरचं टोक आलं."

त्याची गोळीवाली मूठ हळूच मिटली आणि खिशात गेली.

"पुढे?" मी विचारलं.

"'...मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर वाट पाहू नये...' आणि खाली फोन नंबर आहे. पण शेवटचे दोन आकडे तुझ्या गळ्याच्या वळणात गेले."

आज तिसरा दिवस होता. दोन आकडे राहिलेल्या तुकड्यांवर असणार आणि तुकडे कातरणात. पोत्यात हात घालायचा तर आधी चिंधीला उचलायला हवं. मी तिला दोन्ही हातांनी उचललं. तिने शेपूट वर केलं. आणि मला दिसलं, की शेपटाखालून चार बोटं निळा दोरा लोंबतोय.

पन्नास वर्षं माझ्या हाताला एकच सवय. लोंबता दोरा दिसला की ओढायचा. लग्नात अनोळखी माणसाच्या बाहीचा दोरा मी ओढलेला आहे. बायको त्यावरून अजून टोमणे मारते असं लिहिणार होतो. मारायची. तर माझा हात विचार न करता गेला आणि मी ओढला.

दोन बोटं दोरा आला. चिंधी अशी ओरडली की लंबक टेबलाखाली शिरला. आणि त्याच क्षणी माझ्या बोटांना काहीतरी कळलं.

कापडावर धावदोरा घालून एका टोकाला गाठ मारली आणि दुसरं टोक ओढलं, की दोरा येत नाही, कापड सरकतं. चुण्या पडत जातात. त्या वेळी दोऱ्यात जो ताण येतो, मऊ पण हट्टी, तो मी डोळे मिटून ओळखीन. परकरांच्या चुण्या घालण्यात माझी उमेदवारी गेली. मांजराच्या आतून येणारा ताण तोच होता. मी दोरा सोडून दिला.

"ओढ की!" घड्याळवाला म्हणाला. "येतोय तो!"

"दोरा येत नाहीये. आत चुण्या पडताहेत. पलीकडे कुठेतरी गाठ आहे."

"मांजराला कुठली गाठ? वेडा झालास का?"

"तुला घड्याळातलं कळतं ना? मला दोऱ्यातलं कळतं. चल."

कात्रीने तो लोंबता दोरा कापावा असंही वाटलं, पण कशालाच हात लावायची हिंमत झाली नाही. मशीनचं लाकडी झाकण उलटं केलं, त्यात एक जुना कोट घातला, कोटावर चिंधी, वरून टॉवेल. दवाखाना तीन गल्ल्या पलीकडे. मी पुढे, झाकण छातीशी धरून. मागे घड्याळवाला, लंबकला ओढत.

"त्याला कशाला आणतोस?"

"दुकानात एकटा ठेवला तर तो डबा उघडतो."

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एक कुत्रा गळ्यात प्लॅस्टिकची भलीमोठी कॉलर घालून बसला होता. इतक्या काळजीतही माझ्या मनात आलं, ही कॉलर बेतणाऱ्याने माप कशाचं घेतलं? नंतर कळलं, जखम चाटू नये म्हणून ती तशीच असते.

डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चिंधीला टेबलावर घेतलं, पोट दाबून पाहिलं, शेपटाखाली पाहिलं आणि तिचं तोंड उघडलं. हनुवटीखालून अंगठ्याने दाबलं, तशी जीभ वर उचलली गेली.

"काका, इकडे या. दिसतं का?"

जिभेच्या मुळाशी निळ्या दोऱ्याचा फास बसला होता. तिथलं मांस लाल झालं होतं.

"माझ्याच रिळाचा," मी म्हटलं. रंग मला दुरूनही कळतो.

"एक टोक इथे अडकलंय, बाकीचा दोरा आतड्यातून पार शेपटापर्यंत गेलाय. मागून ओढला का तुम्ही?"

"दोन बोटं. मग थांबलो."

"का थांबलात?" त्यांनी मान वर करून विचारलं. रागाने नव्हे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"चुण्या पडत होत्या."

त्यांनी हातातलं खाली ठेवलं. "पुन्हा सांगा."

मी परकराच्या कमरेचं उदाहरण देऊन सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, आत अगदी हेच झालंय. आतडं त्या दोऱ्यावर चुण्या घेऊन गोळा झालंय. अन्न पुढे जात नाही, म्हणून ती भूक असून खात नाही. आणि अजून ओढला असता, तर ताणलेला दोरा आतड्याला आतून करवतीसारखा कापत गेला असता. बहुतेक लोक ओढतात. मग फार थोडं करता येतं. सुई होती का दोऱ्याला?"

"नाही. सुई हरवली तर मी जागचा उठत नाही. सगळ्या आहेत."

तरी त्यांनी पोटाचा एक्स-रे काढून खात्री केली. सुई नव्हती. मग ऑपरेशनचा कागद आणला. मला वाचता येत नाही म्हटल्यावर त्यांनी सगळा वाचून दाखवला, ती टेबलावरच दगावू शकते हेसुद्धा. तीन दिवसांच्या उपाशी मांजरात जीव किती ते सांगता येत नाही, म्हणाल्या. "मांजर तुमची का?"

"बायकोची."

"मग त्यांना विचारा."

विचारायची वेळच आली नाही. दुपार झाली होती, खिशातला फोन वाजला.

"चिंधी?"

मी सगळं सांगितलं. कार्डाची कॉलर, नाचवलेला दोरा, ओढलेली दोन बोटं. तिकडे दोन्ही बाळं एकदम रडत होती, त्यामुळे ती ऐकते आहे की नाही कळेना. मग म्हणाली, "करा म्हणावं त्यांना." आणि थोड्या वेळाने, "केर काढत नव्हता ना?"

"नाही."

"बरं."

चाळीस वर्षांच्या संसारात त्या "बरं" इतकं बोचलेलं मला काही आठवत नाही. रोजच्या त्या प्रश्नामागे काय होतं ते मला तेव्हा कळलं. ती जमीन स्वच्छ ठेवायला सांगत नव्हती.

मी कागदावर अंगठा उठवला आणि चिंधीला आत नेलं.

आम्ही बाकावर बसून राहिलो. मदतनीस बाईंना रिकामा लंबक दिसला, त्यांनी त्याला वजनकाट्यावर चढवलं. "बरगड्या लागतात का हाताला, बघा बरं."

घड्याळवाल्याने चाचपलं. "आहेत. आत आहेत."

"चाचपताना सहज लागल्या पाहिजेत. शोधायला लागता कामा नयेत. काय देता खायला?"

"मी खातो तेच."

"म्हणूनच तुम्ही दोघं एकसारखे दिसता."

एरवी मी हे महिनाभर पुरवून पुरवून वापरलं असतं. त्या दिवशी हसू आलं नाही. मी दाराकडे बघत होतो आणि मनात साचा आखत होतो, पुन्हा पुन्हा. कार्ड उलटं करतो, पेन्सिल फिरवतो, कात्री लावतो. प्रत्येक वेळी उरलेला तुकडा खाली पडतो.

दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातात स्टीलचा ट्रे, त्यात तीन तुकड्यांत दोरा. "जिभेखालचा फास कापला, आतडं तीन ठिकाणी उघडून दोरा सोडवला. फाटलेलं नव्हतं. श्वास चालू आहे. पुढचे पाच दिवस महत्त्वाचे." माझ्या गळ्यात टेप होताच. सवयीने मी तुकडे मांडून मापले. एकतीस इंच. बाईंनी तो आकडा आपल्या कागदावर लिहून घेतला.

पाच दिवस मी सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात जाऊन बसलो. शाळेचे शर्ट उशिरा गेले. पाचव्या दिवशी चिंधीने वाटीत तोंड घातलं आणि काढलं नाही. मदतनीस बाईंनी मला आत बोलावून ते दाखवलं. मांजराला खाताना इतका वेळ मी कधी बघितलं नव्हतं.

बायको तीन महिने पुरे करूनच आली. पिशवी खाली न ठेवता तिने चिंधीला उचललं, तोंडापाशी नेऊन मोजल्यासारखं केलं. "मिशा सगळ्या आहेत." मग तिला उताणी केली. पोटावर भादरलेले केस अजून आखूडच, मधून टाक्यांची रेघ. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. "टाके तुमच्यापेक्षा बरे आहेत," म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने मला टेबलाशी बसवलं. माझ्याच खडूने टेबलावर एक अक्षर काढलं. "हे गिरवा."

"या वयात?"

"आज मांजराचं कार्ड कापलंत. उद्या माझ्या औषधाच्या चिठ्ठीचा खिसा कराल."

मी एकसष्टाव्या वर्षी शिकलो. वळणं सोपी गेली, हात आखायला सरावलेला होता. जोडाक्षरांनी छळलं. वाचायला पहिला धडा म्हणून तिने साचाच दिला. तो सगळा वाचून झाल्यावर मी पोतं उपसून तळाशी गेलेले तुकडे शोधले. एका पट्टीवर फोन नंबरचे दोन आकडे होते. दुसरीवर एक पूर्ण ओळ होती. ती लावायला मला बराच वेळ लागला, बायको बाजूला भाजी निवडत बसली होती, तिने मुद्दाम मदत केली नाही. "घरात सुई-दोरा उघडा टाकू नका. तोंडातून किंवा मागून दोरा दिसला तर ओढू नका, तसंच घेऊन या."

मी ती तिला मोठ्याने वाचून दाखवली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी मऊ कापडाची एक नळी शिवली, बोटभर रुंद, हातभर लांब, आत निळा धावदोरा, एका टोकाला पक्की गाठ. ती डॉक्टरीणबाईंना नेऊन दिली. दोरा ओढला की नळी चुण्या घेऊन मुठीएवढी होते. मांजरवाली माणसं आली की त्या ती नळी त्यांच्याच हातात देतात आणि म्हणतात, ओढून बघा. पाच-सहा वर्षांनी ती विरली, तेव्हा मी दुसरी शिवून दिली. आता तिसरी चालू आहे. मशीन मी बंद केलं आहे, पण केर रोज संध्याकाळी काढतो, टेबलाखालचासुद्धा.

जुळी चौथीत गेली त्या वर्षी, थंडी संपता संपता, एका बुधवारी सकाळी चिंधी मशीनच्या झाकणात झोपल्या जागी गेली. तिची मूत्रपिंडं थकली होती. तेरा वर्षांची होती. माझी बायको तिच्या अकरा महिने आधी, शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात, इस्पितळात वारली. तिच्या औषधांच्या वेळा मी स्वतः लिहून भिंतीवरच्या त्याच खिळ्याला लावल्या होत्या.